टोपली आणि जमीन

धान्य साठवण्याच्या टोपल्या, बिअर वाहून नेण्याचा ‘इसिचुमो’, मडक्यावरचे झाकण ‘इम्बेंगे’ ही झुलू समाजाची रोजच्या वापरातली भांडी. इलाला ताडाची पाने इतकी घट्ट विणली जात की, ओली होऊन फुगताच टोपली द्रवही धरून ठेवी. ज्वारीची बिअर पूर्वजांना अर्पण होई. म्हणून विधीतही या भांड्यांना मान होता. विणीतला त्रिकोण पुरुषाचा आणि शंकरपाळ्याचा आकार स्त्रीचा, असा अर्थ सांगितला जातो.

प्लॅस्टिक आणि पत्र्याने ही कला मारली, असे म्हणणे सोयीचे आहे. पण ते अर्धसत्य आहे. नाताळात १८४९ साली झोपडीकर आला. रोख पैशासाठी पुरुषाला गोऱ्यांच्या चाकरीत जावे लागले. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातली जेमतेम ७ टक्के जमीन बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या वाट्याला ठेवली. शेतच गेले, तर टोपलीत भरायचे काय?

तरीही हात थांबले नाहीत. डर्बनचे रात्रीचे पहारेकरी टेलिफोनच्या टाकाऊ रंगीत तारा काठ्यांवर गुंफू लागले. पुढे त्याच तारांची इम्बेंगे झाली. १९७० च्या दशकात ‘वुकानी’ संस्थेने खेड्यांतल्या विणकरांना बाजार मिळवून दिला. ह्लाबिसाचे रूबेन न्ड्वांड्वे यांच्या टोपल्या नावानिशी ओळखल्या गेल्या.

हे नाव महत्त्वाचे आहे. जुन्या संग्रहांतल्या बहुतेक टोपल्यांखाली जमातीचे नाव असते, विणणाऱ्याचे नसते. वस्तू जपायची आणि श्रमिकाला अनामिक ठेवायचे, या संस्कृतिरक्षणाला जाब विचारलाच पाहिजे.