दहाची लाइन आणि नऊ पंचावन्नचं शटडाऊन

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता. ऑफिसातल्या एका नव्या मुलानं परवा निमित्त दिलं. म्हणाला, संगणक ठरलेल्या वेळी आपोआप बंद व्हावा ही सोय मुळात हवी होती कुणाला? लॅपटॉपचं झाकण पाडलं की विषय संपला! त्याचं बरोबर आहे. त्याला संगणक झाकणासकटच भेटला. पण या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं तर कॅलिफोर्नियातल्या बर्कलेहून निघून थेट घाटंजीला यावं लागतं. (घाटंजी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वाघाडी नदीकाठचं, कापसाचं. माझं आजोळ.)

आधी बर्कले. १९८० साली तिथल्या विद्यापीठाच्या युनिक्समध्ये, म्हणजे ४.० बीएसडीमध्ये, शटडाऊन नावाची आज्ञा आली. तेव्हा संगणक एक आणि त्यावर काम करणारे अनेक, प्रत्येकाचं टर्मिनल वेगळं. अशा यंत्राला बंद व्हायची वेळ द्यायची ती यंत्रासाठी नव्हे, माणसांसाठी. वेळ दिली की ही आज्ञा सगळ्यांच्या पडद्यावर सूचना पाठवायची, आणि वेळ जवळ येईल तशा सूचना घाईघाईनं यायच्या. लग्नात शेवटची पंगत बसताना "कुणी राहिलंय का" असं ओरडत फिरणारा एक काका असतो ना, अगदी तसंच :-)

घरगुती पीसीची तऱ्हा निराळी. त्याला स्वतःला बंद करताच येत नव्हतं! विंडोज ९५ आठवतं का? सगळं आवरून झालं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची: आता तुम्ही संगणक बंद करू शकता. म्हणजे तुम्ही उठा, हात लांब करा आणि बटण दाबा. ते बटण विजेचा खराखुरा खटका होतं, सॉफ्टवेअरचा हात तिथवर पोचत नव्हता. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाची नवी रचना आणली. त्यात पॉवर सप्लायमधून मदरबोर्डकडे एक हिरवी वायर जाते. मदरबोर्डनं ती जमिनीला जोडून धरली की सप्लाय चालू, सोडली की बंद. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबानं मिळून एसीपीआय हे मानक काढलं आणि त्या वायरीचा ताबा रीतसर ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. आपोआप बंद होण्याच्या सगळ्या कौतुकामागे ही एवढीशी हिरवी वायर आहे.

मग २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि बर्कलेची ती आज्ञा घरोघरी पोचली. शटडाऊन वजा एस वजा टी ३६०० असं टाइप केलं की तासाभरात मशीन बंद. (विंडोज ७ पासून हा आकडा ३१,५३,६०,००० सेकंदांपर्यंत देता येतो, म्हणजे तब्बल १० वर्षं! कुणासाठी ते देव जाणे.) बऱ्याच लोकांना ही आज्ञा कळली ती मात्र उलट्या बाजूनं. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा पसरला. नेटला जोडलं रे जोडलं की ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू. ती थांबवायचा मंत्र होता शटडाऊन वजा ए. त्या आठवड्यात तो मंत्र लोकांनी एकमेकांना फोनवर सांगितला.

शहरात या सोयीचा मोठा उपयोग रात्रीचा. बीएसएनएलच्या ५०० रुपयांच्या ब्रॉडबँड योजनेत रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट असायचं. आठ वाजून गेल्यावरही मशीन चालू राहिलं तर मीटर पडायला सुरुवात! म्हणून पावणेआठला आपोआप बंद. पुण्यात आम्ही चौघं रूमवर राहायचो, आमचं सगळं इंटरनेट या पावणेआठवर उभं होतं.

पण त्याच वर्षांत घाटंजीला हीच आज्ञा वेगळ्याच कामाला जुंपलेली होती.

तिकडे विजेला वीज म्हणत नाहीत, लाइन म्हणतात. लाइन आली, लाइन गेली. पेपरात त्याला भारनियमन म्हणायचे. दाभोळचा प्रकल्प मे २००१ मध्ये बंद पडला होता, मागणी वाढत होती, नवी निर्मिती फारशी नव्हती. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण वेगळी झाली, आणि पुढची काही वर्षं तूट चार-पाच हजार मेगावॅटच्या घरात होती. ती सगळ्यांना सारखी वाटली गेली नाही. मुंबई जवळजवळ सुटली. पुण्यात २००६ मध्ये उद्योगांनी आपापली जनित्रं चालवून आणि ग्राहकांनी थोडे जादा पैसे भरून सुटका करून घेतली. बाकीच्यांसाठी गळती आणि वसुली पाहून फीडरचे गट पाडले गेले, आणि ग्रामीण भागात बारा-बारा तास अंधार असायचा. आपण शहरात डाउनलोड संपवून मशीन बंद करत होतो आणि तिकडे मशीन कधी बंद करायचं ते फीडर ठरवत होता. मला हा फरक अजूनही टोचतो.

मामाचे आधी टायपिंगचे क्लास होते, मग त्याचं कॉम्प्युटर सेंटर झालं. सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटी लागू लागलं होतं, त्यामुळे खेड्यापाड्यांतून एसटीनं पोरं यायची. सहा मशीन, सहा यूपीएस. साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. नवी असताना जड काचेच्या मॉनिटरसकट ती १५-२० मिनिटं ओढायची. यवतमाळच्या दोन उन्हाळ्यांनंतर तीन मिनिटं म्हणजे चैन.

अचानक वीज गेली तर हार्ड डिस्कचं काय होतं? डोकी चकतीवर आपटत नाहीत. फिरत्या चकतीच्या उरलेल्या वेगातून वीज घेऊन डिस्क डोकी बाजूला नेऊन ठेवते (मला हे इंजिनिअरिंगमधलं एक नितांत सुंदर काम वाटतं). बिघडतं ते लिखाण. फाइल डिस्कवर अर्धी पोचलेली असते आणि अर्धी मेमरीतच असते, मेमरीतली जाते. विंडोज ९८ मध्ये पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क बसायचं, दहा-दहा मिनिटं. संध्याकाळी त्याच मशीनवर एका जिनिंगवाल्याचे हिशेब असायचे. हंगामात शेतकऱ्यांच्या कापसाची वजनं आणि उचल त्यात. ती फाइल गेली तर कुणाला किती देणं लागतं यावरून भांडणं.

म्हणून मामाचा नियम: "दहाले लाइन जाते. पाच मिनिट पहिले समदं बंद झालं पाहिजे." पेपरातलं वेळापत्रक भिंतीवर, आणि त्यातली वेळ टास्क शेड्युलरमध्ये. नऊ पंचावन्नला सहाच्या सहा पडद्यांवर एकदम खिडकी उघडायची, सेकंद उतरायला लागायचे आणि पोट्टे धडाधड सेव्ह करायचे. बर्कलेमधल्या टर्मिनलवर व्हायचं तेच.

यातला घोळ इंजिनिअरच्या लगेच लक्षात येईल. घड्याळाला फक्त वेळ कळते, वीज कळत नाही. वेळापत्रकाबाहेरचं, तातडीचं भारनियमन आलं की नऊ पंचावन्नचा काही उपयोग नाही. खरं उत्तर म्हणजे लाइन गेल्याचा इशारा यूपीएसनंच संगणकाला द्यायचा. एक्सपीमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या आत यूपीएसचा टॅब होता, सिरियल केबल लावून हे करता यायचं. पण केबलचं भोक असलेले यूपीएस महाग, मामाकडे होते ते नुसते पी-पी करणारे. टास्क शेड्युलरला वेळेऐवजी घटनेवर काम सुरू करणं जमलं ते व्हिस्टापासून, २००७ मध्ये. मामाच्या मशीनवर व्हिस्टा चढणं शक्यच नव्हतं. तेव्हा मामानं सर्वांत स्वस्त सेन्सर वापरला: दारात बसणारा एक पोरगा. समोरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज थांबला की तो ओरडायचा, "लाइन गेली!" गिरणी बंद असली की त्याची नजर पानटपरीच्या बल्बवर.

पुढे भारनियमन कमी होत गेलं आणि २०१२ च्या अखेरीला कमी गळतीच्या बहुतेक फीडरांवरून उठलंही. मामाकडे इन्व्हर्टर आला, भिंतीवरचं वेळापत्रक निघालं. शेड्युलरमधली नोंद मात्र कुणी काढली नाही. लाइन छान चालू असायची आणि नऊ पंचावन्नला सहाही मशीन शिस्तीत झोपी जायची. नवीन पोरांना वाटायचं, क्लासची सुट्टीच त्या वेळी असते. ती उठून चहाला जायची आणि दहाला येऊन पुन्हा मशीन सुरू करायची.