रॅकूनाची कुळकथा

भरतमुनींनीं वीररसापासून अद्भुताची उत्पत्ति सांगितली आणि हास्याचें मूळ शृंगारांत शोधलें. वीरापासून थेट हास्यच निघावें, आणि तरीही वीराला उणेपणा येऊं नये, हें त्यांच्या कोष्टकांत बसत नाहीं. आम्हांस तें पटलें तें एका अमेरिकन बोलपटामुळें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं अमेरिकेंत प्रदर्शित झालेला, जेम्स गन यांनीं दिग्दर्शित केलेला ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ हा तो बोलपट. मुलांच्या चित्रकथांतून उचललेली गोष्ट पाहावयास आपण कशाला जावें, असें पुटपुटतच आम्ही गेलों होतों. बाहेर पडलों ते मनमुराद हंसून.

कथा अंतराळांतील. एक भुरटा चोर, एक मारेकरी स्त्री, बायको व मुलगी गमावलेला एक मल्ल, एक चालतें झाड आणि एक बंदूकधारी रॅकून अशीं पांच जणें तुरुंगांत एकत्र येतात आणि इच्छा नसतां एका ग्रहाचे तारणहार होतात. मल्लाची गति अभिधेपलीकडे नाहीं. लक्षणा म्हणजे काय हें त्याला कळतच नाहीं. (असे विद्यार्थी आमच्याही वर्गांत बसून गेले आहेत.)

हीं पात्रें एकाच्या प्रतिभेचीं अपत्यें नव्हेत. सर्वांत जुनें तें झाड, ग्रूट. १९६० सालीं ‘टेल्स टु ॲस्टॉनिश’च्या १३ व्या अंकांत तें परग्रहावरील राक्षस म्हणून अवतरलें. त्यानें लांबलचक वल्गना केल्या, आणि अखेर एका शास्त्रज्ञानें अंगावर वाळवी सोडून त्याचा निकाल लावला! बोलपटांत त्याची सारी वाचा आपलें नांव सांगणाऱ्या तीन शब्दांत आटली आहे, आणि तेवढ्या भांडवलावर तें प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणतें. ‘गार्डियन्स’ हें नांव १९६९ मधील, आर्नल्ड ड्रेक व जीन कोलन यांनीं निर्मिलेल्या पथकाचें. पण तें पथक एकतिसाव्या शतकांतलें व निराळ्याच वीरांचें. बोलपटांतील पांच जणांना या नांवाखालीं आणलें तें डॅन ॲबनेट व अँडी लॅनिंग यांनीं २००८ सालीं. जुन्या अंकांतून अडगळींत पडलेलीं पात्रें गोळा करून त्यांनीं ही मोट बांधली.

रॅकूनाविषयीं मात्र आम्हांस अधिक सांगावयाचें आहे. हा उत्तर अमेरिकेंतील, डोळ्यांवर चोराच्या बुरख्यासारखा काळा पट्टा असलेला, कचऱ्याचे डबे उपसण्याविषयीं प्रसिद्ध असा प्राणी. १९७६ सालीं बिल मँटलो यांच्या लेखणीनें व कीथ गिफन यांच्या कुंचल्यानें त्याला प्रथम चित्रकथेंत आणलें; १९८५ सालीं मँटलो यांनीं त्याची चार अंकांची स्वतंत्र मालिका लिहिली. त्या धंद्यांत लेखकास पानागणिक पैसे मिळत आणि पात्र प्रकाशकाचें होई. मँटलो पुढें कायदा शिकून न्यूयॉर्कमध्यें गरीब आरोपींचे वकील झाले. १९९२ सालीं चाकांच्या बुटांवरून जात असतां एका मोटारीनें त्यांना उडविलें. मोटारवाला थांबला नाहीं. मेंदूस कायमची इजा झाली, त्यांना शुश्रूषागृहांत ठेवावें लागलें, आणि त्यांच्या भावास चाहत्यांकडे मदतीचें आवाहन करावें लागलें.

बोलपटांत एके ठिकाणीं कोणी हिणवल्यामुळें दारूच्या धुंदींत हा रॅकून पिसाळतो. आपण कांहीं स्वतः मागून असे झालों नाहीं, आपल्याला चिरून, तोडून, पुन्हा जोडून कोणी दुसऱ्यांनींच असें केलें, असें तो ओरडून सांगतो. क्षणापूर्वीं खिदळणारें आमचें नाट्यगृह तेव्हां एकाएकीं गप्प झालें. तो विनोद कुठून येतो, हें मग आम्हांस उमगलें.

बोलपटानें जगभर सुमारे ७७ कोटी डॉलर मिळविले. रॅकूनाच्या जन्मदात्यास चित्रगृहांत जाणें शक्य नव्हतें, म्हणून चित्रकथांच्या त्या कंपनीनें त्यांच्यासाठीं स्वतंत्र खेळाची व्यवस्था केली. भाऊ शेजारीं बसले होते. त्यांनीं नंतर कळविलें कीं, मँटलो यांनीं आंगठा वर करून आपली पसंती दाखविली, आणि अखेरची श्रेयनामावली सरकूं लागली तेव्हां त्यांच्या चेहऱ्यावर एवढें हंसूं होतें कीं तसें पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें.