धोक्याची बेरीज

धाराशिव जिल्ह्यातल्या गावोगावी आशाताई कागद घेऊन ओसरीवर बसते. तिशी ओलांडलेल्यांना विचारते, वय किती? तंबाखू खाता? घरात कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार? फितीने कंबर मोजते, गुण मांडते. बेरीज चारच्या वर गेली, की त्या माणसाला तपासणीला आधी धाडायचे. वाचकहो, ही बेरीज आली कोठून?

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुषांची नोंद सुरू झाली. वर्षानुवर्षे पाहात राहायचे, कोणाचे हृदय बिघडते! तोवर रक्तदाब एकीकडे, कोलेस्टेरॉल दुसरीकडे. १९६७ मध्ये त्यांचे एकत्र गणित प्रसिद्ध झाले. रक्तदाब किंचित चढलेला, कोलेस्टेरॉल थोडे जास्त, जोडीला विडी. एकेकटे किरकोळच, पण तिघे मिळून घात करतात, बरं का.

मात्र ते माप तिकडच्या अंगाचे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची ३.५. आपली हडकुळी खरी, पण चरबी राखून असलेली! २००७ सालच्या एका अहवालात दक्षिण आशियात पहिला झटका येण्याचे वय ५३ भरले. इतरत्र जवळजवळ ५९. आपला काटकुळा शेतकरी वजनकाट्यावर निर्धास्त दिसतो, नि तिथेच फसगत होते. आशाताईच्या कागदावर वजनाला गुण नाहीत, कमरेला आहेत. पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८०. त्यापुढे ते चढू लागतात.