पित्तवाहिनी, कृत्रिम

यकृतात तयार होणारे पित्त लहान आतड्यात पोहोचविणारी नैसर्गिक वाहिनी अवरुद्ध झाल्यास, तिला इजा झाल्यास किंवा ती जन्मतः अपूर्ण असल्यास तिच्या आत अथवा तिच्याऐवजी बसविण्यात येणारी नळी. पित्ताची वाट अडल्यास कावीळ होते, वाहिनीत संक्रामण होते व कालांतराने यकृत निकामी होते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मन शस्त्रक्रियाविशारद हान्स केर यांनी टी अक्षराच्या आकाराची रबरी नळी प्रचारात आणली. तिचा उपयोग तात्पुरता असे. १९४० नंतर अमेरिकेत व्हायटॅलियम या कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूच्या नळ्या कायमच्या बसविण्याचे प्रयत्न झाले. धातू गंजत नसे. परंतु पित्तातील घटक साचून नळ्या तुंबत. त्यामुळे आतड्याचाच फाटा वर घेऊन वाहिनीच्या निरोगी टोकास जोडणे श्रेयस्कर ठरले.

वाहिनी नष्ट झालेल्या अर्भकांत आतडे थेट यकृतद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया जपानमधील मोरिओ कासाई यांनी १९५०–६० या दशकात रूढ केली. ती जन्मानंतर साधारणतः दोन महिन्यांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. तरीही अनेक मुलांना पुढे यकृत प्रतिरोपण करावे लागते. भारतात १९९८ मध्ये दिल्ली येथे लहान मुलावर झालेले पहिले यशस्वी यकृत प्रतिरोपण याच विकारासाठी होते.

पोट न उघडता, तोंडावाटे घातलेल्या अंतर्दर्शकाच्या साहाय्याने वाहिनीत प्लॅस्टिकची नळी बसविण्याची पद्धत निब सोहेंद्रा यांनी १९७९ मध्ये हँबर्ग येथे सुरू केली. कर्करोगाने वाहिनी दाबली गेलेल्या रुग्णांची कावीळ व खाज तिने कमी होते. अशी नळी सु. तीन महिन्यांत तुंबू लागते, म्हणून ती बदलावी लागते. आपोआप फुलणाऱ्या धातूच्या जाळीदार नळ्या अधिक काळ टिकतात.

या सर्व नळ्या निर्जीव आहेत. केंब्रिज येथील संशोधकांनी २०१७ मध्ये मानवी पित्तवाहिनीतील कोशिका प्रयोगशाळेत वाढवून कोलॅजेनच्या नळीवर बसविल्या व ती उंदरात कार्य करते असे दाखविले. २०२१ मध्ये अशा कोशिकांनी शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या मानवी यकृतातील वाहिन्यांची दुरुस्ती होऊ शकते, असेही आढळले. मात्र हे तंत्र अद्याप नित्य उपचारांत आलेले नाही. म्हणून नवजात अर्भकाची कावीळ दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास आणि मल पांढुरका असल्यास तत्काळ तपासणी करणे अत्यावश्यक ठरते.