वकिलांचा लेख वाचताय? आधी तारीख बघा

तलाक, पोटगी, वारसा, घरभाडे... प्रश्न उभा राहिला की घरातले कोणीतरी लगेच मोबाईलवर शोधायला बसते. वकिलांनी सोप्या भाषेत लिहिलेले लेख सापडतात आणि त्यांचा फायदाही होतो. मात्र कायदा बदलतो आणि जुना लेख तसाच राहतो. पोटगीचेच उदाहरण घेऊ.

१९८५ : शाहबानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मंजूर केली.

१९८६ : मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा आला. नवऱ्याची जबाबदारी फक्त इद्दतपुरती, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला.

२००१ : डॅनियल लतिफी खटल्यात न्यायालयाने सांगितले की, तलाकशुदा पत्नीच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतीच्या काळातच करायला हवी.

२०२४ : १० जुलैला मोहम्मद अब्दुल समद खटल्यात निकाल आला की, तलाकशुदा मुस्लिम महिलेला कलम १२५ चाही मार्ग खुला आहे. त्याआधी १ जुलैपासूनच नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली होती. तिच्यात हीच तरतूद कलम १४४ मध्ये आहे.

म्हणजे १९९० चा लेख वाचून एखादी बहीण 'आपल्याला काही मिळणार नाही' म्हणून घरी बसली, तर तिचा हक्क बुडतो.

म्हणून लेख वाचताना एवढे तपासा :

• लेख कधीचा आहे? तारीख नसेल तर त्यावर विसंबू नका.

• निकालाचे नाव, न्यायालय आणि वर्ष दिले आहे का? 'कोर्टाने म्हटले आहे' एवढ्यावर भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. काहींचे मराठी अनुवादही आहेत.

• कलमाचा मूळ मजकूर 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर पडताळा.

• 'केस शंभर टक्के जिंकून देतो' असे लिहिले असेल तर सावध राहा. जाहिरात करून अशिल मिळवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

लेखातून काय विचारायचे ते कळते. आपल्या प्रकरणाचा सल्ला मात्र कागदपत्रे पाहूनच मिळतो. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाईन १५१००. जाताना निकाहनामा, तलाकचे कागद आणि मुलांचे जन्मदाखले सोबत ठेवा.