अणुगर्भ गोल नाही, हे कसे कळले?

जी वस्तू डोळ्यांनी पाहणे कोणालाच शक्य नाही, तिचा आकार सांगायचा कसा? अणूच्या पोटातील गर्भाविषयी हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यावर ऐरणीवर आला. त्याचे उत्तर कसे मिळाले, ती हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. शास्त्रातला वाद कसा मिटतो, याचा तो चांगला दाखला आहे.

वाद दोन मतांचा होता. डेन्मार्कचे नील्स बोर यांच्या मते अणुगर्भ पाण्याच्या थेंबासारखा होता. त्यातील प्रोटॉन-न्यूट्रॉन एकजुटीने हालतात. 1939 साली बोर व व्हीलर यांनी याच कल्पनेवरून युरेनियमच्या भंगाची उपपत्ती लावली. उलट 1949 साली अमेरिकेत मारिया गेपर्ट-मायर यांनी व जर्मनीत येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळेच दाखवून दिले. गर्भातला प्रत्येक कण आपापल्या कक्षेत स्वतंत्र फिरतो असे धरले, तर 50, 82, 126 अशा कणसंख्यांना गर्भ विशेष स्थिर का होतो, हे उलगडते. एक पक्ष समूहाचा, दुसरा व्यक्तीचा. मग खरे कोणते?

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टाउन्स यांचे व्याख्यान झाले. कित्येक गर्भांतील विद्युद्भाराची मांडणी गोलापासून फार ढळलेली आहे, एकट्यादुकट्या कणाच्या कक्षेने इतका फरक पडणार नाही, ही अडचण त्यांनी मांडली. श्रोत्यांत रेनवॉटर होते. त्यांना सुचले की, कक्षेत फिरणारा कणच थेंबाच्या भिंतीला रेटा देऊन त्याला लांबट करीत असला पाहिजे. 1950 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या सुमारास त्यांच्याच खोलीत बसून काम करणारे तरुण शास्त्रज्ञ म्हणजे नील्स बोर यांचे चिरंजीव आगे बोर! तेही याच दिशेने विचार करीत होते. कोपनहेगनला परतल्यावर बेन मॉटेल्सन या अमेरिकन सहकाऱ्यासह त्यांनी ही कल्पना तडीस नेली.

पण पुरावा? गुळगुळीत गोटी जागच्या जागी फिरली, तर ती फिरते आहे हे ओळखू येत नाही. विटी फिरली की लगेच कळते. सूक्ष्म जगात तर नियम याहून कडक आहे: पूर्ण गोल गर्भाला असे परिवलनच नसते. लांबट गर्भ मात्र फिरेल आणि त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या 6, 20, 42, 72 या प्रमाणात चढतील, असे गणित सांगत होते. हॅफ्नियम-180 या गर्भाच्या गॅमा किरणांवरून काढलेल्या पायऱ्या हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या मापात 93, 309, 641, 1084 अशा आहेत. पहिलीवरून हिशोब केला तर पुढच्या 310, 651, 1116 यायला हव्यात. वरच्या पायऱ्यांत थोडी तूट दिसते. वेग वाढला की गर्भाची ठेवण किंचित बदलते. योगायोग असा की, हॅफ्नियम हे मूलद्रव्य 1923 साली कोपनहेगनच्या बोर-संस्थेतूनच जाहीर झाले होते आणि त्याचे नावही त्या शहराच्या लॅटिन नावावरून पडले आहे.

सर्वच गर्भ असे फिरत नाहीत. गोलाजवळचे गर्भ थेंबासारखे थरथरतात. त्यांची दुसरी पायरी पहिलीच्या दुपटीजवळ असते, फिरणाऱ्यांची सव्वातीन पटीच्या पुढे. एका भागाकाराने कंपन कोणते, परिवलन कोणते, याचा अंदाज येतो. लांबट गर्भही फिरता फिरता कंप पावतात. पुढील सूक्ष्म प्रयोगांनी गोल गर्भांच्या कंपनाचे चित्र वाटले तितके सरळ नाही असे दाखविले. परिवलनाची गोष्ट मात्र टिकून राहिली.

1975 साली रेनवॉटर, आगे बोर व मॉटेल्सन यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांनी थेंबवाल्यांना हरविले नाही, कक्षावाल्यांनाही नाही. कण स्वतंत्र आहेत म्हणूनच ते गर्भाला आकार देतात, आणि तो आकार मग सर्वांना मिळून फिरवितो. दोन पक्ष भांडत असता दोघांनाही न जुळणारा एक आकडा ज्यांनी बाजूला टाकला नाही, त्यांच्या हाती सत्य लागले, एवढेच आम्हांला सुचवावयाचे आहे.