वेलचेरीचा नवा जागल्या

२२ फेब्रुवारी २०१२ रोजी चेन्नई पोलिसांनी एका तरुणाची चित्रफीत वाहिन्यांना दिली. बँकेत काही कामधाम नसताना रेंगाळणारा माणूस, एवढंच त्यात होतं. त्याआधीच्या महिन्याभरात शहराच्या दक्षिण टोकाला दोन शाखा भरदिवसा लुटल्या गेल्या होत्या : २३ जानेवारीला पेरुंगुडीत बँक ऑफ बडोदा आणि २० फेब्रुवारीला कीळकट्टळैत इंडियन ओव्हरसीज बँक. चित्र मात्र लुटलेल्या शाखेतलं नव्हतं. पोलिसांनी इतर बँकांच्या कॅमेऱ्यांमधलं चित्रण उपसून हा चेहरा काढला होता.

त्या रात्री चेन्नईच्याच वेलचेरी भागातून कुणीतरी कळवलं, हा तर आमच्याच गल्लीत भाड्याने राहतो. मध्यरात्र उलटल्यावर पोलिसांनी त्या घराला वेढा घातला आणि आतले पाचही जण गोळीबारात मेले. गोळी आधी आतून आली, असं पोलिसांचं म्हणणं. मानवाधिकार कार्यकर्त्यांनी त्यावर तेव्हाच प्रश्न उभे केले. पाठोपाठ घरमालकांना भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात तमिळनाडू सरकारने लोकांची वर्दळ असलेल्या इमारतींत सीसीटीव्ही बसवणं सक्तीचं करणारे नियम केले. वेलचेरीच्या फाटकांवरच्या कॅमेऱ्यांची कुळकथा सांगायची, तर या वर्षापाशी थांबावंच लागतं.

राखणीचा धंदा मात्र या शहरात मद्रासइतकाच जुना आहे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने वस्तीच्या राखणीचं काम पेद्द नायक या वंशपरंपरागत राखणदाराकडे सोपवलं होतं. जॉर्जटाउनमधलं पेद्दुनायकनपेट त्याच्याच नावाचं. हाताखाली तलैयारी, म्हणजे पहारेकरी. करार रोखठोक होता. चोरी झाली तर माल शोधून द्यायचा, नाहीतर पदरचं भरून द्यायचं. तमिळ खेड्यांतली ‘कावल’ची पद्धत याच धर्तीची. मराठी मुलखातल्या जागल्याला आणि रामोश्याला हे ओळखीचं वाटलं असतं. चोराच्या पावलांचा माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवला, की जबाबदारी त्या गावाच्या गळ्यात. पुढे इंग्रजांनी ही व्यवस्था सरकारी पोलिसांत विरघळवली, आणि भरपाईचं कलम तेवढं हळूच गळून पडलं. ते पुन्हा कुणी लिहिलेलं नाही. कॅमेरेवाल्याच्या पावतीवर वॉरंटी कॅमेऱ्याची असते, दागिन्यांची नव्हे!

वेलचेरी स्वतः तर चोळांच्या काळातलं गाव. दंडीश्वराच्या देवळात त्या काळचे शिलालेख आहेत. गावाला मोठं तळं होतं, पलीकडे पळ्ळिकरणैची दलदल. जुन्या तमिळ घरांना पुढे ‘तिण्णै’ असायची, म्हणजे आपला ओटा. त्यावर दुपारभर बसलेल्या म्हाताऱ्याच्या नजरेतून गल्लीतलं परकं कुत्रंही सुटत नसे. सन २००० मध्ये तरमणीला टायडेल पार्क हे आयटी संकुल उभं राहिलं, २००७ च्या नोव्हेंबरात उन्नत लोकल वेलचेरीपर्यंत आली, २०१३ मध्ये फिनिक्स मॉल उघडला. तळं आक्रसत गेलं, त्यावर अपार्टमेंटं चढली. देशभरातून संगणकावर काम करणारी माणसं आली, त्यांत पुण्या-नागपूरचीही. सकाळी आठला दाराला कुलूप, रात्री नऊला उघडणार. ओट्यावर बसणार कोण?

बसणारं यंत्र खरं तर आधीच शोधलं गेलं होतं, आणि तेही एका परिचारिकेने. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन हिच्या कामाच्या वेळा अडनिड्या, वस्ती भीतीची, पोलीस येणार सावकाश. १९६६ मध्ये तिने आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या नवऱ्याने पेटंटसाठी अर्ज केला : दारात एकाखाली एक भोकं, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत पडदा, बाहेरच्याशी बोलायला माइक, आणि दूरवरून कडी उघडायचं बटण. पेटंट मिळालं २ डिसेंबर १९६९ ला. आज ज्याला ‘स्मार्ट डोअरबेल’ म्हणून विकतात, त्यातलं इंटरनेट वगळता बहुतेक सगळं त्या आराखड्यात होतं.

वेलचेरीपर्यंत हे सामान येतं ते बरेचदा रिची स्ट्रीटवरून. अण्णा सालैलगतचा हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार म्हणजे चेन्नईचा लॅमिंग्टन रोड. बसवणाऱ्यांची भाषा ठरलेली : बाहेरून ‘बुलेट’, आतून ‘डोम’, ‘थ्री प्लस वन’ केबलचं भेंडोळं, टोकाला बीएनसी, आणि चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एक ‘फोर चॅनेल’ डीव्हीआर. गिऱ्हाईक विचारतं मेगापिक्सल; विचारायला हवं हार्ड डिस्कचं. एकेका कॅमेऱ्याला सेकंदाला दोन मेगाबिट धरले, तर चार कॅमेरे दिवसाला सुमारे ८६ जीबी खातात. एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि पुन्हा पहिल्यापासून पुसत जाते. पंधरा दिवसांसाठी गावी गेलेल्या माणसाच्या घरी दुसऱ्याच रात्री चोर आला असेल, तर डीव्हीआरला तो आठवत नाही.

रात्रीची आणखी एक गंमत आहे. अंधारात पाहण्यासाठी कॅमेऱ्याभोवती अवरक्त दिवे असतात. त्यांवर किडे येतात, किड्यांमागे पाल आणि कोळी. कोळ्याने काचेसमोर एक तंतू ताणला, की तो दिव्याने उजळून पडद्यावर पांढरा दोरखंड होतो. वारा आला की हलतो, आणि मालकाच्या मोबाइलवर ‘हालचाल आढळली’ म्हणून रात्रभर घंटा. तिसऱ्या रात्री मालक ती घंटा बंद करून टाकतो. दर पंधरवड्याला केरसुणी फिरवणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. माहितीपत्रकात तो नसतो.

एवढं असूनही कॅमेरा कामी येतो. २४ जून २०१६ ला नुंगंबाक्कम स्टेशनवर सकाळच्या वेळी एका तरुणीचा खून झाला. स्टेशनवर कॅमेरा नव्हता. संशयिताचं चित्र मिळालं ते आसपासच्या खासगी इमारतींच्या कॅमेऱ्यांत. ए. के. विश्वनाथन पोलीस आयुक्त असताना ‘थर्ड आय’ मोहीम निघाली, ती याच अनुभवाच्या पाठीवर : दुकानदारांनी, सोसायट्यांनी कॅमेरे बसवावेत आणि ते रस्त्याकडेही पाहू द्यावेत. २०२० मध्ये सर्फशार्क या कंपनीच्या यादीत चेन्नई जगात पहिली आली, चौरस किलोमीटरला ६५७ कॅमेरे, लंडनच्याही पुढे. अशा मोजण्या ढोबळच असतात. पण चाल कळते : ज्याच्या घरी चोरी होते त्याला उपयोग होतो तो समोरच्याच्या कॅमेऱ्याचा. तिण्णैचंही तसंच होतं.

समोरच्याचा डोळा आपल्या दारात असला, की दुसराही प्रश्न येतो : त्या डोळ्यात आणखी कोण डोकावतंय? २०१६ च्या शरद ऋतूत ‘मिराय’ नावाच्या विषाणूने जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर काबीज केले. युक्ती काय, तर कारखान्यातून आलेले ‘ॲडमिन’छाप साठेक पासवर्ड एकामागून एक लावून पाहायचे. २१ ऑक्टोबरला याच फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. भारत सरकारने कॅमेऱ्यांची सुरक्षा-चाचणी सक्तीची केली, ती एप्रिल २०२५ पासून.

आणि साक्ष? तिथे जालना आठवावं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा अर्ज मुदतीनंतर भरला गेला का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या व्हिडिओ चित्रणापाशी येऊन ठेपला. त्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं, मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. प्रत द्यायची तर तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र हवंच. गल्लीतला कॅमेरावाला पेनड्राइव्हवर ‘क्लिप’ काढून देतो, तेव्हा ही ओळ कुणाच्या मनात नसते.

वेलचेरीला मात्र चोरापेक्षा पाण्याने जास्त लुटलं. डिसेंबर २०१५ च्या पुरात तळमजले बुडाले, वीज गेली. जिन्याखाली किंवा वॉचमनच्या खोलीत ठेवलेला डीव्हीआर अशा वेळी सर्वांत आधी जातो, आठवणींसकट. म्हणून शहाणा बसवणारा आता तो पहिल्या मजल्यावर, माळ्याजवळ चढवतो, आणि इन्व्हर्टरची एक वायर राउटरलाही देतो. २०२३ च्या मिचाँग वादळात पाणी पुन्हा आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जोराच्या पावसाचा इशारा मिळताच लोकांनी आदल्या दिवशीच आपापल्या मोटारी वेलचेरीच्या उड्डाणपुलावर रांगेने नेऊन लावल्या, देशभर त्यांचे फोटो फिरले. गाडी पुलावर, माणूस वरच्या मजल्यावर, आणि मोबाइलवरच्या चार चौकोनांपैकी ज्यात फाटक दिसतं तो बोटांनी मोठा केलेला : पाणी कितव्या पायरीला लागलं ते बघायला.